अंगावरचं दूध सोडवलं, मग ही गाठ कसली?

स्तनात गाठ लागली की घरात एकच शब्द घुटमळतो आणि तो कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. या वेळी निवडलेली पत्रं ज्या आजाराभोवती आहेत तो नेमकी हीच भीती घालतो, पण कर्करोग नसतो. नाव लांबलचक आहे: इडिओपॅथिक ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस. ओपीडीत सगळे नुसतं 'ग्रॅन्युलोमॅटस' म्हणतात, आपणही तेच म्हणू. केसलर आणि वोलोक यांनी १९७२ साली तो वेगळा आजार म्हणून मांडला, तेव्हा निबंधाच्या शीर्षकातच 'कर्करोगासारखा भासणारा' असं लिहिलं होतं. उत्तरांत औषधांचे आकडे आहेत ते तुमच्या हातातला कागद तुम्हाला समजावा म्हणून. त्यावरून दुकानातून गोळ्या आणू नयेत.

प्रश्न : वय ३३. धाकट्याला अंगावरचं सोडवून सव्वा वर्ष झालं. महिन्यापूर्वी डाव्या स्तनात कठीण गाठ लागली, हात लावला तरी दुखते. बोंड आत ओढलं गेलंय, काखेत अवधाणही आलंय. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'बाय-रॅड्स ४ बी' लिहिलंय. मिस्टर म्हणतात ही चौथी स्टेज. खरं आहे का? (सातारा)

नाही. हा घोटाळा इतक्या घरांत होतो की रिपोर्टच्या खालीच छापून टाकायला हवं. बाय-रॅड्स हा आजार किती पसरला याचा आकडा नाही. चित्र पाहून रेडिओलॉजिस्टला किती संशय आला, एवढंच तो सांगतो. २ म्हणजे निश्चिंत राहा, ३ म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, ४ म्हणजे तुकडा काढून तपासा, ५ म्हणजे कर्करोगच वाटतोय, तरीही तुकडा काढा. चाराच्या पोटात ए, बी, सी अशा पायऱ्या आहेत. 'बी' म्हणजे कर्करोग निघण्याची शक्यता शेकडा १० ते ५०. स्टेज ठरते ती कर्करोग सिद्ध झाल्यावर. तुमच्या बाबतीत अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

रेडिओलॉजिस्टनं चूक केली असंही नाही. ग्रॅन्युलोमॅटसची गाठ सोनोग्राफीत वेडीवाकडी, काळपट आणि कडा अस्पष्ट असलेली दिसते. तिच्यातून बोटांसारखे फाटे आजूबाजूच्या चरबीत शिरलेले असतात. हाताला ती दगडासारखी लागते, कातडी ओढते, बोंड आत नेते, काखेतल्या गाठी फुगवते. कर्करोगाची म्हणून जी लक्षणं आपण पाठ केलेली असतात ती बहुतेक सगळी इथे हजर असतात. सोनोग्राफीत फाटे नळ्यांसारखे लांब गेलेले आणि एकमेकांना जोडलेले दिसले तर अनुभवी डोळ्याला शंका येते, पण खात्री नाही. मॅमोग्राफी तिशीतल्या घट्ट स्तनात धूसर येते. एमआरआयलाही या दोहोंतला फरक नीट सांगता येत नाही, त्यामुळे तुकडा काढायच्या आधीच एमआरआयवर पैसे घालवू नका.

आत घडतं ते असं. दूध तयार करणाऱ्या बारीक घोसांना लोब्यूल म्हणतात. त्यांच्यातला स्राव भिंतीतून बाहेर पाझरतो, शरीराला तो परका वाटतो आणि पांढऱ्या पेशी त्याला चारी बाजूंनी वेढा घालतात. त्या वेढ्याचं नाव ग्रॅन्युलोमा. एवढं सगळं कशामुळे सुरू होतं ते नेमकं सापडलेलं नाही, 'इडिओपॅथिक' या शब्दाचा अर्थच तो. रुग्ण बहुधा वीस ते पंचेचाळीस वयाच्या, मूल झालेल्या, शेवटच्या बाळंतपणाला पाचेक वर्षं व्हायची असलेल्या बायका. तुर्कस्तान, इराण, चीन आणि आपल्याकडून याच्या नोंदी जास्त येतात. अमेरिकेत इंडियाना राज्यात २००६ ते २००८ मध्ये हिस्पॅनिक बायकांत असे रुग्ण एकापाठोपाठ एक सापडले, तेव्हा तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेनं चौकशी केली होती.

तुमचं वय, दूध सोडवल्याचा काळ, दुखणं, सगळं ग्रॅन्युलोमॅटसकडे बोट दाखवतं. पण बोट दाखवणं आणि निदान होणं यांत एका सुईचं अंतर आहे. या आठवड्यात बायॉप्सी करून घ्या.

प्रश्न : सुईनं पाणी काढून (एफएनएसी) तपासलं, 'दाह आहे, कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत' असं आलं. आता डॉक्टर पुन्हा जाड सुईची बायॉप्सी सांगताहेत. सारखी सुई टोचली तर आजार पसरत नाही का? (नागपूर)

पसरत नाही. आणि डॉक्टर बरोबर सांगताहेत.

एफएनएसीची सुई बारीक, इंजेक्शनची असते. तिच्यातून सुट्या पेशी येतात, त्यांची मांडणी कळत नाही. विखुरलेल्या विटा बघून देऊळ होतं की धर्मशाळा ते कसं सांगणार? ग्रॅन्युलोमॅटसचं निदान मांडणीवरच होतं: ग्रॅन्युलोमा लोब्यूलच्या मध्यावर आहेत की नळ्यांभोवती, मध्ये मेलेला भाग आहे का, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचे बारीक पूचे ठिपके आहेत का. त्यासाठी ट्रूकट म्हणजे कोअर बायॉप्सी लागते. १४ गेजची सुई, गाठीवरची जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत बघत. 'टक्' असा आवाज येतो आणि शेवईसारखा एक-दीड सेंटिमीटरचा तुकडा निघतो. वीस-पंचवीस मिनिटांचं काम असतं आणि त्याच दिवशी घरी जाता येतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. नंतर दहा मिनिटं दाबून धरा, त्या दिवशी घट्ट ब्रा घालून झोपा.

इथे एक गोष्ट हमखास चुकते आणि ती चूक नंतर दुरुस्त होत नाही. काढलेले सगळे तुकडे फॉर्मालिनच्या बाटलीत टाकले जातात. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर (जंतू वाढवून पाहणं) होत नाही आणि टीबीची जनुकीय तपासणीही बिघडते. म्हणून निदान पाच-सहा तुकडे काढून घ्यावेत. तीन-चार फॉर्मालिनमध्ये, पॅथॉलॉजीसाठी. उरलेले निर्जंतुक सलाइनच्या छोट्या डबीत, त्याच दिवशी मायक्रोबायॉलॉजीकडे. पू असेल तर तो कापसाच्या काडीवर न घेता सिरिंजमध्येच ओढून पाठवावा. टेबलावर झोपायच्या आधी डॉक्टरांना सरळ विचारा, 'एक तुकडा सलाइनमध्ये पाठवणार ना?' यात संकोच कसला.

मायक्रोबायॉलॉजीच्या फॉर्मवर काय लिहायचं तेही महत्त्वाचं: साधं कल्चर, बुरशी, एएफबी स्टेन (टीबीचे जंतू रंगवून पाहणं), सीबीनॅट (टीबीची जनुकीय तपासणी) आणि टीबीचं द्रव माध्यमातलं कल्चर. शिवाय 'कोरिनेबॅक्टेरियम क्रोपेनस्टेडटी शोधा' ही एक ओळ. हा जंतू १९९८ साली एका रुग्णाच्या थुंकीतून ओळखला गेला आणि २००२-०३ च्या सुमारास न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी त्याचा या स्तनविकाराशी संबंध दाखवला. त्याला जगायला चरबी लागते. नेहमीच्या माध्यमात तो धड वाढत नाही, माध्यमात ट्वीन ८० घातलं तर वाढतो, तोही सावकाश. दोन दिवसांत प्लेट फेकून दिली तर 'वाढ नाही' असा रिपोर्ट मिळणारच. वाढला तरी कधी कधी 'डिफ्थेरॉइड्स, त्वचेवरचे जंतू' असं लिहून मोडीत काढतात. प्लेट आठवडाभर ठेवायला सांगा. पॅथॉलॉजीत ग्रॅन्युलोमाच्या मध्ये रिकामी गोल भोकं आणि त्यांना वेढून न्यूट्रोफिल दिसले, तर हाच जंतू असण्याची शक्यता बरीच वाढते. मग डॉक्सिसायक्लिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखी, चरबीत शिरणारी अँटिबायोटिक्स काही आठवडे देतात. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं तिथवर नीट पोचत नाहीत. पाच दिवसांच्या नेहमीच्या गोळ्यांनी फरक न पडण्यामागे हेही एक कारण असतं.

प्रश्न : बायॉप्सीत 'ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस, टीबीचा विचार करावा' आलं. लगेच एकेटी (टीबीच्या गोळ्या) सुरू केली. दोन महिने झाले, गाठ जशीच्या तशी. आता म्हणतात नऊ महिने घ्या. (कोल्हापूर)

या आजारात आपल्याकडे सर्वांत जास्त गडबड होते ती इथे.

स्तनाचा टीबी असतो. १८२९ साली लंडनच्या सर अ‍ॅस्टली कूपरनं त्याचं वर्णन करून ठेवलंय. पण टीबीच्या देशातही तो विरळाच. ग्रॅन्युलोमा मात्र टीबीतही असतात, ग्रॅन्युलोमॅटसमध्येही, सारकॉइडोसिस या दुसऱ्या दाहाच्या आजारातही, काही बुरशींतही. पॅथॉलॉजिस्ट 'विचार करावा' लिहितो तेव्हा तो खरोखर विचारच करायला सांगत असतो. त्याचा अर्थ 'गोळ्या सुरू करा' असा लावला जातो.

विचार करायचा म्हणजे पुढचं तपासायचं. तुकड्यात केसेशन, म्हणजे मऊ चीजसारखा मेलेला भाग, होता का? एएफबी स्टेनमध्ये जंतू दिसले का? सीबीनॅटला काय आलं? त्याचं उत्तर दोन तासांत मिळतं, पण जंतू थोडे असले तर ते निसटतात. म्हणजे निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाहीच असं होत नाही. कल्चरला सहा आठवडे द्यावे लागतात. छातीचा एक्सरे, घरात कुणाला टीबी, बारीक ताप, वजन उतरणं, मानेत गाठी, हे सगळं बघायचं. मँटू किंवा आयजीआरए (टीबीचा जंतू अंगात शिरलाय का ते सांगणाऱ्या तपासण्या) पॉझिटिव्ह आलं तर आपल्या देशात त्यावरून स्तनातली गाठ टीबीची ठरत नाही; इतक्या लोकांच्या अंगात सुप्त जंतू असतात.

दोन महिन्यांत काहीच फरक नसेल तर मुदत वाढवण्याआधी निदान पुन्हा उघडा. स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. पुरेसा तुकडा सलाइनमध्ये गेला नव्हता तर बायॉप्सी पुन्हा करा. मात्र गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. खरोखर टीबी असला तर अर्धवट औषधानं जंतू निर्ढावतात. टीबी सिद्ध झाला तर नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो: दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. सरकारी केंद्रात तपासणी आणि गोळ्या फुकट मिळतात, निक्षय पोषण योजनेत महिना १००० रुपयेही.

एक सापळा लक्षात ठेवा. ग्रॅन्युलोमॅटस पुष्कळदा काही महिन्यांत आपसूक शमतो. त्या काळात एकेटी चालू असेल तर श्रेय एकेटीला जातं आणि 'टीबीच होता' अशी सगळ्यांची समजूत होते. दुसऱ्या बाजूचा सापळा याहून वाईट: टीबी असताना ग्रॅन्युलोमॅटस समजून स्टिरॉइड दिलं तर टीबी भडकतो. म्हणून आधी तपासणी, मग गोळी, कुठलीही असो.

प्रश्न : पू झाला म्हणून दोनदा चिरा देऊन काढला. जखम भरतच नाही, शेजारी नवीन तोंड पडलं. आता तिसऱ्यांदा ऑपरेशन करून सगळी गाठ काढू म्हणतात. (ठाणे)

बाळंतिणीच्या स्तनात दूध साठून गळू होतं तेव्हा पू काढला की ठणका थांबतो, काम संपतं. इथला पू तसा एका पिशवीत नसतो. दाहाच्या जाळ्यात जागोजागी छोटी तळी असतात. चिरा दिला की एक तळं रिकामं होतं आणि दाहाला बाहेर यायला वाट मिळते. तीच वाट नासूर होऊन बसते. एक भरली की दुसरी फुटते.

म्हणून पू साचला असेल तर सोनोग्राफीत बघत जाड सुईनं (१८ गेज) ओढून काढावा, चार-पाच दिवसांनी पुन्हा बघावं, लागलं तर पुन्हा ओढावं. कातडी पातळ होऊन फुटायलाच आली असेल तर अगदी छोटं छिद्र पुरे. संपूर्ण गाठ काढण्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: आजार पेटलेला असताना करू नये. स्तनाचा मोठा भाग जातो, कडेला दाह उरला तर तो परत येतो आणि आकार बिघडतो तो कायमचा. औषधांनी निखारा विझल्यावर छोटा कठीण भाग किंवा एखादा नासूर उरला, तर त्यापुरती शस्त्रक्रिया ठीक.

तोवर जखमेची काळजी. आंघोळीत साबण-पाण्यानं सरळ धुवा, टिपून कोरडी करा. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा आयोडीन रोज ओतू नका, नवी येणारी कातडी त्यानं मरते. गॉज तोंडात कोंबू नका, वरून ठेवा. पू जास्त येत असेल तर गॉजवर सॅनिटरी पॅडचा तुकडा आणि सुती, बिनतारेची ब्रा. कपडे डागत नाहीत, ड्रेसिंगचा खर्चही वाचतो.

प्रश्न : सासूबाई म्हणतात एरंडाचं पान गरम करून बांध, नाहीतर बिब्बा घाल. (रत्नागिरी)

पान कोमट असेल तर नुकसान नाही, उपयोगही नाही. पण पान किंवा पोटीस जास्त गरम झालं तर कातडी भाजते. बिब्बा अजिबात नको. त्याचं तेल कातडी जाळतं, फोड येतात, आणि आधीच पातळ झालेली जागा तिथेच फुटते. शिवाय भाजलेल्या कातडीवर पुढचा डॉक्टर काय वाचणार?

प्रश्न : प्रेडनिसोलोन ३० मिलिग्रॅम सुरू केलंय. स्टिरॉइडनं हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो म्हणे. घेऊ का? (पुणे)

टीबी आणि जंतू यांची तपासणी झाली असेल, गाठ मोठी किंवा दुखरी असेल, तर घ्या. दर किलोला अर्धा ते एक मिलिग्रॅम असा हिशेब असतो. साठ किलोच्या बाईला ३० म्हणजे खालच्या टोकाची मात्रा. सहसा दोन-तीन आठवड्यांत ठणका आणि लाली उतरते. गाठ विरघळायला जास्त वेळ लागतो. मग दर एक-दोन आठवड्यांनी पाच-पाच मिलिग्रॅमनं उतरत जायचं, शेवटी अडीच-अडीचनं. सगळं मिळून तीन ते सहा महिने.

चुका दोन ठिकाणी होतात. पहिली: बरं वाटलं म्हणून तिसऱ्या आठवड्यात एकदम बंद. तीन आठवड्यांहून जास्त घेतलेलं स्टिरॉइड एकाएकी थांबवलं तर मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रेनल ग्रंथी झोपलेल्याच असतात. चक्कर, उलट्या, रक्तदाब पडणं असं होतं आणि गाठही उसळून येते. दुसरी चूक: साखर फक्त उपाशीपोटी तपासणं. सकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन दुपारी-संध्याकाळी साखर चढवतं, उपाशी रिपोर्ट छान येतो. जेवणानंतर दोन तासांची साखर बघा, पहिल्या महिन्यात दर आठवड्याला.

गोळी सकाळी नाश्त्यानंतर. रात्री घेतली तर झोप उडते. सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी तपासलेला असावा, कारण सुप्त विषाणू स्टिरॉइडनं जागा होतो. चेहरा भरतो, भूक वाढते. मात्रा उतरली की तेही उतरतं. दुखण्याची गोळी सोबत घ्यायची वेळ आली तर डॉक्टरांना विचारा, दोन्ही मिळून जठराला जखम करतात.

ज्यांना पोटातून स्टिरॉइड नको त्यांच्यासाठी गाठीतच ट्रायअ‍ॅमसिनोलोन, साधारण ४० मिलिग्रॅम, सोनोग्राफीत बघून टोचतात आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. कातडी पातळ किंवा पांढरी पडू शकते, पाळी मागेपुढे होऊ शकते. तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी कातडीवरच्या आजारात स्टिरॉइडचं मलमही यशस्वीपणे वापरलंय. खोल गाठीला ते पुरत नाही.

आणि गाठ लहान असेल, फारसं दुखत नसेल, तर काहीही न देता फक्त लक्ष ठेवणं हाही खरा उपचार आहे. कित्येक जणींत वर्ष-दीड वर्षात ती जाते. पण 'काही देत नाही' असं म्हणणाऱ्या डॉक्टरांवर आपल्याकडे विश्वास बसत नाही, मग बाई तिसऱ्या दवाखान्यात जाते आणि तिथे चिरा मिळतो.

प्रश्न : स्टिरॉइड कमी केलं की गाठ परत येते, म्हणून मेथोट्रेक्सेट लिहिलं. दुकानदार म्हणाला ही कॅन्सरची गोळी. (लातूर)

मोठ्या मात्रेत ती कर्करोगात वापरतात, हे खरं. इथे आठवड्याला ७.५ ते १५ मिलिग्रॅम, संधिवातात देतात तेवढी. ती दाह शांत करते आणि स्टिरॉइड उतरवायला मदत करते. परिणाम दिसायला महिना-दीड महिना लागतो.

आठवड्यातून एकदाच. रोज नाही. वार ठरवा, गोळ्यांच्या पाकिटावर मार्करनं लिहा, घरात आणखी एकाला सांगून ठेवा. रोज घेतल्यानं तोंड येणं, रक्तपेशी घसरणं इथून मृत्यूपर्यंत मजल गेलेली आहे. फॉलिक अ‍ॅसिड दुसऱ्या दिवशी. सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी रक्तपेशी, यकृत आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) तपासा. कोट्रायमॉक्साझोल नावाचं अँटिबायोटिक सोबत कधीही नको, अस्थिमज्जा बंद पडू शकते. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी ते सर्रास लिहिलं जातं, तेव्हा नवीन डॉक्टरला आधी मेथोट्रेक्सेट सांगा. गर्भ राहता कामा नये, गोळी थांबवल्यावरही तीन ते सहा महिने. अंगावर पाजत असाल तर हे औषध नाही.

प्रश्न : मूल सहा वर्षांचं आहे, तरी दोन्ही बोंडांतून दूध येतं. गाठ एकाच बाजूला. पित्तासाठी रोज एक कॅप्सूल घेते, एवढंच औषध. (पणजी)

ती कॅप्सूलच बघा. आपल्याकडे पित्ताच्या कॅप्सूलमध्ये रॅबेप्रॅझोल किंवा पँटोप्रॅझोलच्या जोडीला पुष्कळदा डॉमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं. दोन्ही प्रोलॅक्टिन हे दुधाचं संप्रेरक वाढवतात. वर्षानुवर्षं रोज घेतली की स्तन दूध करत राहतो, ते साठतं आणि वर सांगितलेला दाह सुरू व्हायला जमीन तयार होते. रिस्पेरिडोन आणि अमिसल्प्राइड या मानसिक आजारांवरच्या गोळ्याही तेच करतात. त्या मात्र मानसोपचार तज्ज्ञांशी बोलल्याशिवाय बदलायच्या नाहीत.

प्रोलॅक्टिन आणि टीएसएच तपासा. थायरॉइड मंद असला तरी प्रोलॅक्टिन चढतं. रक्त सकाळी, पण उठल्यावर दोनेक तासांनी द्या. २५ नॅनोग्रॅमच्या आसपासपर्यंत ठीक. शंभराच्या वर गेलं आणि गोळीचं कारण नसेल तर मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीचा एमआरआय. ग्रॅन्युलोमॅटस वारंवार उलटतो अशा बाईत प्रोलॅक्टिन वाढलेलं सापडलं, तर कॅबर्गोलिननं ते खाली आणल्यावर बाकीचे उपचार लागू पडतात. पित्ताला नुसतं पँटोप्रॅझोल चालतं का ते विचारा. खरं तर रोज लागतं का, हेही.

प्रश्न : गाठीबरोबर नडग्यांवर लाल, दुखरे टेंगूळ आले, घोटे सुजले. वेगळा आजार का? (नाशिक)

बहुधा त्याचाच भाग. याला एरिथेमा नोडोसम म्हणतात. कर्करोगात हे सहसा दिसत नाही, म्हणून बायॉप्सीआधी हे लक्षण डॉक्टरांना दाखवा. टीबीतही ते येतं, त्यामुळे छातीचा एक्सरे आलाच. स्तनाचा दाह उतरला की पायही साफ होतात.

प्रश्न : आईचं वय ५२, पाळी गेलेली. दीड महिन्यात उजवा स्तन लाल, जड आणि मोठा झाला. कातडी जाड, छिद्रं दिसतात. गाठ अशी लागत नाही, ताप नाही. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. हेही ग्रॅन्युलोमॅटस असेल का? (सोलापूर)

थांबू नका. हे पत्र वाचून आम्हाला ग्रॅन्युलोमॅटसची नाही, दुसऱ्या आजाराची काळजी वाटते: दाहक कर्करोग, म्हणजे इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर. स्तनाच्या कर्करोगांत त्याचं प्रमाण शेकडा एक ते पाच, पण तो आठवड्यांत वाढतो. कर्करोगाच्या पेशी कातडीतल्या लसीकावाहिन्या तुंबवतात, म्हणून कातडी संत्र्याच्या सालीसारखी होते. गाठ हाताला लागत नाही आणि इथेच फसगत होते.

वर आम्ही धीर धरा म्हणतो तो तुकडा तपासल्यानंतरचा धीर. सहा महिन्यांच्या आत सुरू झालेली, स्तनाच्या एक तृतीयांश किंवा जास्त कातडीवरची लाली आणि सूज, अशा बाईला तिसरा अँटिबायोटिक कोर्स द्यायचा नाही. या आठवड्यातच मॅमोग्राफी, सोनोग्राफी, कोअर बायॉप्सी आणि सोबत कातडीची पंच बायॉप्सी. मूल न पाजणाऱ्या कुठल्याही बाईचा स्तनदाह सात ते दहा दिवसांच्या अँटिबायोटिकनं हलला नाही, तर पुढची पायरी सुई हीच.

उलटंही सांगायला हवं. चित्र ठळक कर्करोगाचं (बाय-रॅड्स ५) आणि तुकड्यात नुसता दाह, असा विसंवाद आला तर बायॉप्सी पुन्हा करतात. सुई चुकून कडेच्या भागात गेलेली असू शकते. ग्रॅन्युलोमॅटस म्हणून उपचार चालू आहेत आणि तीन महिन्यांत गाठ वाढतेच आहे, तेव्हाही तेच.

प्रश्न : पुढे याचा कर्करोग होतो का? दुसरं मूल होऊ द्यावं का? (मस्कत)

ग्रॅन्युलोमॅटसचा कर्करोग होतो असा पुरावा नाही. वयानुसारची नेहमीची तपासणी मात्र सुटत नाही. मूल होऊ द्या; गाठ शमल्यावर आणि मेथोट्रेक्सेट, डॉक्सिसायक्लिन यांची मुदत संपल्यावर. गरोदरपणात किंवा दूध पाजताना आजार उलटू शकतो, दुसऱ्या बाजूलाही क्वचित. बाळ निरोगी बाजूनं पिऊ शकतं. दुखऱ्या बाजूला दूध साठू देऊ नका आणि दूध सोडवायचं तेव्हा हळूहळू, दर काही दिवसांनी एक वेळ कमी करत सोडवा.

प्रश्न : दुसरं मत घ्यायला मुंबईला जायचंय. काय काय न्यावं? (जळगाव)

रिपोर्टचा कागद पुरत नाही. ज्या लॅबनं बायॉप्सी तपासली तिच्याकडून काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक, दोन्ही लेखी अर्ज देऊन मागा. परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी बाहेरची निदानं तशी पुन्हा वाचली जातात. स्लाइड कापसात गुंडाळून कडक डबीत ठेवा. ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. सोनोग्राफीच्या प्रिंटबरोबर सीडी घ्या. कल्चरच्या कागदावर किती दिवस प्लेट ठेवली ते लिहिलंय का ते पाहा, नसेल तर लॅबला विचारून पेन्सिलनं टिपून घ्या. आतापर्यंतच्या सगळ्या गोळ्या तारखांसकट एका कागदावर, पित्ताच्या कॅप्सूलसुद्धा. आणि दर पंधरा दिवसांनी त्याच उजेडात, शेजारी पट्टी धरून घेतलेले स्तनाचे फोटो. गाठ तीन महिन्यांत किती उतरली ते डॉक्टरला त्यावरून पटकन कळतं. फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाऊ नयेत म्हणून वेगळ्या, कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवा.